मशीन हँग झालं? सॉफ्टवेअर लगेच उडवू नका!

गणपतीला चार दिवस राहिले होते. मित्राच्या घरच्या मखरासाठी एमडीएफची जाळी कापून द्यायचं काम आम्ही तिघांनी मोठ्या फुशारकीने अंगावर घेतलं होतं. मशीन आमचं स्वतःचं. तिसऱ्या वर्षाला असताना वर्गणी काढून घेतलेलं ३०१८ सीएनसीचं किट. नावातच माप आहे, ३०० बाय १८० मिलिमीटर. एवढ्याशा टेबलावर अख्खं मखर मावणार कुठून, म्हणून सहा तुकडे केले. पहिले तीन मस्त झाले. चौथा अर्ध्यावर आला आणि मशीन सरकायचंच थांबलं. कटर मात्र फिरत होता, एकाच जागी. स्क्रीनवर स्टॉप दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, ढिम्म. आणि मग वास आला, जळक्या लाकडाचा.

एकाने धावत जाऊन प्लग उपटला. एमडीएफवर आठ आण्याच्या नाण्याएवढा काळा डाग पडला होता.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ‘सॉफ्टवेअर बंडल आहे’ असा एकमुखाने निकाल लागला. कँडल काढून युनिव्हर्सल जी-कोड सेंडर टाकलं. तेही थांबलं. तिसरं टाकलं. मग रात्री दीड वाजता एकाला सुचलं, विंडोजच नव्याने टाकू. पहाटे पाच वाजता कोऱ्या करकरीत विंडोजवर मशीन सुरू केलं आणि ते नवव्या मिनिटाला पुन्हा थांबलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

तुमच्या कॉलेजच्या क्लबमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत किंवा घरच्या गॅलरीत असं एखादं मशीन असेल, किंवा फायनल इयरच्या प्रोजेक्टला सीएनसी घ्यायचं घाटत असेल, तर आमची ती रात्र तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा खटाटोप.

घोडं कुठे पेंड खातं?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ‘कॉम्प्युटर मशीन चालवतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. तुम्ही डिझाइन काढता, त्यातून जी-कोडची फाइल तयार होते. ‘एक्स इतका सरक, झेड इतका खाली ये’ अशा हजारो ओळी असतात त्यात. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर त्या ओळी एकेक करून यूएसबीतून बोर्डाला पाठवतं. बोर्डावर ग्रबल नावाचा छोटा प्रोग्राम असतो. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने तो २००९ मध्ये लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. आर्डुइनो उनोवरच्या इवल्याशा चिपमध्ये तो मावतो. मोटारीला कधी, किती वेगाने ठोके द्यायचे ते हा ग्रबल ठरवतो, तुमचा लॅपटॉप नाही.

ठोके किती, तर हिशोब करून बघा. आमच्या मशीनला एक मिलिमीटर सरकायला ८०० ठोके लागतात. मिनिटाला ६०० मिलिमीटर वेग ठेवला तर सेकंदाला १० मिलिमीटर, म्हणजे ८००० ठोके. दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. तुमचं विंडोज मधूनच अपडेट शोधायला जातं, अँटीव्हायरस मधूनच जागा होतो. त्याच्याकडून असल्या काटेकोर वेळेची अपेक्षा करणं म्हणजे वर्गातल्या लास्ट बेंचवाल्याला घड्याळाकडे बघायला बसवण्यासारखं आहे. म्हणूनच हे काम बोर्डाकडे दिलेलं असतं. बोर्ड पुढच्या काही हालचाली आधीच मागवून जवळ ठेवतो. लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी बोर्डाचं काम चालू राहतं.

आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ग्रबलवाल्या मशीनमध्ये लॅपटॉप थोडा स्लो आहे म्हणून जॉब बिघडण्याची शक्यता कमीच. नवा लॅपटॉप मागण्यासाठी घरी हे कारण सांगू नका. दुसरी गोष्ट जरा भीतीदायक आहे. यूएसबीचा संपर्क मधेच तुटला तर बोर्डाला ते कळत नाही. तो जवळ असलेल्या ओळी संपवतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत उभा राहतो. स्पिंडल बंद करायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आमचा काळा डाग असा पडला.

जुन्या मशीनचं गणित उलटं

कॉलेजच्या लॅबमधलं मशीन मात्र वेगळ्या जातीचं असू शकतं. मागे जाडजूड पॅरलल पोर्टची केबल आणि स्क्रीनवर मॅक-३ दिसलं, तर तिथे ठोके स्वतः पीसीच देत असतो. अशा ठिकाणी ‘कॉम्प्युटरचाच प्रॉब्लेम आहे’ हे म्हणणं बऱ्याचदा बरोबर निघतं. इंटरनेट बंद, अँटीव्हायरस बंद, पॉवर सेव्हिंग बंद, त्या पीसीवर गाणी-सिनेमे काही नाही, हा जुन्या ऑपरेटर लोकांचा नियम उगाच नव्हता. मॅक-३चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो. नवा ६४ बिट पीसी आणून जोडलात तर मशीन हलणारच नाही. आणि कृपा करून यूएसबीला पॅरलल पोर्ट करणारी केबल विकत घेऊ नका. ती प्रिंटरसाठी असते. आमच्या सीनिअर्सनी घेतली होती, अजून लॅबच्या कपाटात पडली आहे.

जुन्या पीसीवर लिनक्स-सीएनसी टाकायचा विचार असेल तर मशीन जोडण्याआधी त्यातली लेटन्सी टेस्ट चालवा. हे सॉफ्टवेअर मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या प्रकल्पातून आलं आहे. ठोका द्यायला पीसी जास्तीत जास्त किती उशीर करतो ते ही टेस्ट मोजते. ती चालू असताना मुद्दाम छळा करा त्या पीसीचा. खिडक्या उघडा-मिटा, मोठ्या फाइल कॉपी करा. आकडा १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर पीसी झकास. ३० ते ५० पर्यंत चालून जातं. १०० च्या वर गेला तर त्या पीसीकडून ठोके देण्याचं काम करून घेऊ नका, इतकं सरळ आहे.

‘बंद पडलं’ म्हणजे नक्की काय झालं?

आता मुख्य मुद्दा. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाही’ एवढंच सांगितलं तर तो काय करणार? ताप आहे का, पोटात दुखतंय का, कधीपासून, हे विचारणारच. मशीनचंही तेच. आम्ही रात्रभर ‘हँग होतंय, हँग होतंय’ करत होतो, पण थांबतं त्या क्षणी काय काय होतं ते कुणी नीट बघितलंच नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात कन्सोल नावाची खिडकी असते. बोर्ड आणि लॅपटॉप यांचं संभाषण तिथे दिसतं. आपण सगळे ती लहान करून टाकतो, कारण डिझाइनचं रंगीत चित्र बघायला जास्त मजा येते. ती मोठी करा. मशीन थांबलं की आधी तिथे काय लिहिलंय ते वाचा, फोटो काढा, मगच कशालाही हात लावा.

जॉब चालू असताना मधेच ‘ग्रबल १.१’ अशी स्वागताची ओळ आली असेल, तर बोर्ड रिसेट झाला आहे. ही ओळ तो जागा होताना छापतो. म्हणजे एक तर त्याचा वीजपुरवठा क्षणभर कोसळला किंवा कुठून तरी विजेचा धक्का बसला. अशा वेळी लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर बदलून काय उपयोग?

‘अलार्म १’ दिसलं, तर बोर्डाला वाटलंय की टेबल टोकाला जाऊन लिमिट स्विचला धडकलं. प्रत्यक्षात टेबल मधोमध असेल तर स्विचच्या वायरीने खोटी बातमी दिली आहे. या वायरी मोटारीच्या वायरींना चिकटून लांबवर नेल्या की हमखास असं होतं. शिल्डेड वायर घ्या, तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंडला जोडा आणि मोटारीच्या वायरींपासून लांब न्या.

एरर नंबर आला असेल तर आणखी सोपं. २० नंबरचा एरर म्हणजे ग्रबलला न समजणारा हुकूम. फाइल बनवताना चुकीचा पोस्ट-प्रोसेसर निवडला की त्यात टूल बदलण्याचे हुकूम येतात, आणि ते साध्या ग्रबलला कळत नाहीत. इथे एक खूण लक्षात ठेवा. मशीन दर वेळी त्याच ओळीवर अडत असेल तर दोष फाइलमध्ये. दर वेळी वेगळ्या ओळीवर अडत असेल तर फाइल निर्दोष. आम्ही हे पहिल्या तासात बघितलं असतं तर झोपायला मिळालं असतं!

विंडोजचा ‘टुंग’ आवाज झाला आणि पोर्टच यादीतून गायब झाला, तर यूएसबी तुटली. आमचं हेच होत होतं. आवाज येतही होता म्हणे, पण स्पिंडलच्या घरघरीत ऐकणार कोण.

आणि एक प्रकार असा, की मशीन थांबतच नाही. जॉब पूर्ण होतो, पण नक्षीचा खालचा अर्धा भाग पाच मिलिमीटर बाजूला सरकलेला. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं. साहजिक आहे, कारण मोटार खरंच सरकली की नाही हे बोर्ड कधी तपासतच नाही. हुकूम दिला म्हणजे पाळला गेला, असं तो धरून चालतो. तेव्हा सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल झालाय का बघा. मग स्टेपर ड्रायव्हर चटका बसेल इतका तापलाय का, वेग किंवा ॲक्सिलरेशन जास्त ठेवलंय का, स्क्रूत भुसा अडकलाय का, ते बघा. दहापैकी नऊ वेळा, म्हणजे निदान आमच्याकडे तरी, ग्रब स्क्रूच.

खरोखर सॉफ्टवेअरच गोठतं अशीही वेळ येते, नाही असं नाही. फोटोवरून कोरीव काम करायला लाखभर ओळींची फाइल टाकली आणि जोडीला चित्राचा प्रिव्ह्यू चालू ठेवला, की जुना लॅपटॉप हात टेकतो. प्रिव्ह्यू बंद करा. लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असतं, ते बंद करा, कारण वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्टलाच डुलकी घ्यायला लावतं. एवढं करून बघायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी करून टाकावं.

हवेत चालवा

सकाळी एक जण चहा घेऊन आला आणि त्याने वहीचं पान समोर ठेवलं. म्हणाला, आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. आम्ही वैतागलो होतो, पण दुसरा मार्गही नव्हता.

पहिली चाचणी अशी. कटर काढला, झेड वर घेतला, स्पिंडल बंद, आणि तीच फाइल हवेत चालवली. ४२ मिनिटं, पूर्ण झाली. दुसरी चाचणी, सगळं तेच, फक्त स्पिंडल चालू. अकराव्या मिनिटाला ‘टुंग’. पुन्हा केली, चौथ्या मिनिटाला. पुन्हा, एकोणिसाव्या. लाकडाला कटर लागतच नव्हता, तरी थांबत होतं. म्हणजे लाकूड, कटर, फाइल, सॉफ्टवेअर सगळे सुटले. आरोपी एकच, स्पिंडलची मोटार.

या किटमधल्या स्पिंडलला ब्रशची डीसी मोटार असते. आत कार्बनचे ब्रश घासतात, बारीक ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांचा गोंगाट वायरीतून आणि हवेतून पसरतो. जुन्या मिक्सरजवळ रेडिओ लावला की खरखर यायची, तोच प्रकार. आणि आम्ही काय केलं होतं? मशीन छान दिसावं, फोटो चांगला यावा म्हणून यूएसबी केबल आणि स्पिंडलची वायर एकत्र टायने करकचून बांधली होती. अगदी टोकापासून टोकापर्यंत.

टाय कापले. यूएसबी एका बाजूने, स्पिंडलची वायर दुसऱ्या बाजूने. चाचणी ३१ मिनिटं टिकली. मग आणखी एक बदल केला. मोटारीच्या दोन टर्मिनलांवर ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मागा, दुकानदार मूठभर काढून देतो. चाचणी पूर्ण. पुन्हा चालवली, पुन्हा पूर्ण. त्यानंतर मूळची लांब केबल काढून फेराइटचा काळा गोळा असलेली आखूड केबल लावली, पण ती निव्वळ मनाच्या समाधानासाठी. यूएसबीला एक्स्टेंशन लावून पलंगावर बसून मशीन चालवायची हौस मात्र सोडा.

तुमच्याकडे एवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. त्रास थांबला तर चार्जर आणि मशीनचा सप्लाय यांच्यात ग्राउंडचा घोळ आहे. भाड्याच्या खोल्यांमध्ये तिसरी पिन बऱ्याचदा शोभेची असते, आत अर्थिंगची वायरच नसते. हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, बोर्ड उघडून स्वतः प्रयोग नकोत. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर व्हॅक्यूम क्लीनर लावला असेल तर तोही वेगळ्या सॉकेटवर न्या. नागपूरकडच्या मंडळींसाठी एक जादा सूचना. कोरड्या थंडीत व्हॅक्यूमच्या प्लास्टिक पाइपमध्ये भुसा घासून स्थिर वीज साठते आणि तिचा चटका बसला की बोर्ड रिसेट होतो. पावसाळ्यात ही भानगड फारशी होत नाही.

लाल बटण

आता ते आधी सांगायला हवं होतं ते. स्क्रीनवरचं स्टॉप हे इमर्जन्सी स्टॉप नाही. ते बटण दाबलं की हुकूम त्याच सॉफ्टवेअरमधून, त्याच यूएसबीतून जातो. तीच तुटली असेल तर तुम्ही माउस फोडला तरी काही होणार नाही. म्हणून मशीनच्या मेन सप्लायमध्ये मशरूमसारखं लाल बटण बसवा, जे दाबताच मोटारींची आणि स्पिंडलची वीजच तुटते. महाग नसतं. हात न लांबवता पोचेल असं लावा, मशीनच्या मागे नाही. जोडणी लॅबमधल्या सरांकडून एकदा बघून घ्या.

मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका. एका जागी फिरणारा कटर एमडीएफ पेटवू शकतो, आणि भुशाने भरलेल्या खोलीत तो विचारही करवत नाही. गॉगल आणि मास्क हवाच. हातमोजे मात्र नकोत, कारण फिरत्या कटरमध्ये ते अडकतात आणि बोटाला आत ओढतात.

अर्धा जॉब वाचवायचा कसा?

थांबलेला तुकडा फेकायलाच हवा असं नाही. पण बोर्ड रिसेट झाला किंवा वीज गेली तर तो आहे त्या जागेलाच शून्य समजून बसतो. मशीनला होमिंगचे स्विच नसतील तर तुमचा मूळ झीरो गेला. म्हणून जॉब सुरू करायच्या आधीच झीरोच्या जागी एक बारीक भोक पाडून ठेवा, टाकाऊ कोपऱ्यात. नंतर कटरचं टोक त्या भोकात आणलं की एक्स आणि वाय परत मिळाले. झेड कागदाच्या कपट्याने पुन्हा घ्या.

मग जिथे थांबलं त्याच्या पाच-दहा ओळी आधीपासून फाइल सुरू करा. पण नुसत्या ओळी कापून चालणार नाही. फाइलच्या डोक्यावर मापं मिलिमीटरमध्ये आहेत, झीरोपासून मोजायची आहेत, स्पिंडल सुरू करायचा आहे, असे हुकूम असतात. ते तसेच ठेवा. आणि सर्वांत आधी झेड वर घेणारी ओळ घाला. नाहीतर बंद कटर लाकडातून खेचला जातो आणि कट् असा आवाज येतो. बारीक कटर मोडल्याचा तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

आमचे चौथा, पाचवा आणि सहावा तुकडा त्या दिवशी दुपारपर्यंत झाले. चौथा नवा कापायला एमडीएफ उरलं नव्हतं, म्हणून जळलेलाच पूर्ण केला. मित्राच्या आईने डाग बघितला, काही बोलल्या नाहीत, झेंडूची एक माळ तिथून खाली सोडली. वहीचं ते पान नंतर प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लावलं. व्हायवाला एक्स्टर्नलनी मशीनकडे बघितलंही नाही, त्या पानावरच वीस मिनिटं प्रश्न विचारले.